उत्तर: सिसिली सहल – सोमवारचा घोळ

वर्षा:
मंदारने पाठवलेला मंडळाच्या सहलीचा दिवसवार तक्ता पाहिला. सोमवारी कातानियाहून बसने आग्रिजेंतो धरलंय. तो ईस्टरनंतरचा सोमवार आहे, इटलीत सार्वजनिक सुट्टी. वेळापत्रकात ज्या फेरीपुढे ‘फेरियाले’ (कामाच्या दिवशी) असेल ती त्या दिवशी सुटणार नाही. ‘फेस्तिवो’ (सुट्टीच्या दिवशी) लिहिलेल्याच फेऱ्या धरायच्या. ‘स्कोलास्तिको’ असेल तर शाळा चालू असतानाच, म्हणजे त्या सोमवारी नाहीच. एक बाजू 3 तासांची आहे, परतीची फेरी हुकली तर एवढ्या लोकांना ठेवायचं कुठे? आग्रिजेंतो बुधवारी घ्या.

मंदार:
वर्षाताई, बुधवारी एटना ज्वालामुखी आहे. त्याची आणि सोमवारची अदलाबदल करू? एटनाभोवतीची छोटी गाडी सोमवारी घेऊन टाकू.

श्रुती:
अरे, ती चिर्कुमेत्नेआ रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बंद असते. शिवाय ती डोंगरावर चढत नाही, पायथ्याच्या गावांतून रांदाझ्झोला जाते. त्रेनितालियाचं (इटलीच्या सरकारी रेल्वेचं) तिकीट तिच्यावर चालत नाही. मेट्रोच्या कामामुळे काही टप्प्यांत गाडीऐवजी बस देतात, तेही बघून घे. वर जायचं तर रिफुजो सापिएन्झाची (एटनाच्या उतारावरचा थांबा) बस. सकाळी कातानिया स्टेशनसमोरून एकच सुटते आणि दुपारी तीच परत येते. 1,900 मीटरवर एप्रिलमध्ये बर्फ असू शकतो. बूट आणि वाऱ्याचं जाकीट सगळ्यांना सांग.

अविनाश (खजिनदार):
दिवस कोणताही ठरवा. सगळी तिकिटं मंडळाच्या खात्यातून आत्ताच काढतो, नंतर महाग होतात. कुणीही परस्पर काढू नयेत, हिशेब जुळत नाही.

वर्षा:
काका, हिशेब तुमच्याकडेच राहू दे. पण प्रादेशिक गाडीचं भाडं ठरलेलं असतं, आदल्या दिवशी काढलं तरी तेवढंच. जागा राखीव नसते. लवकर काढून फायदा होतो तो लांब पल्ल्याच्या इंटरसिटीला, आणि रोममार्गे येणाऱ्यांनाच ती लागेल (डबे मेसीनाच्या बोटीवर चढवतात ती गाडी). आणखी एक, ऑनलाइन काढलेल्या प्रादेशिक तिकिटाचं गाडीत चढण्याआधी चेक-इन करावं लागतं. सगळी तिकिटं तुमच्या एकट्याच्या मोबाइलवर आणि तुम्ही मागच्या डब्यात, असं झालं तर पुढच्यांना दंड. चार-चार जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाचं तिकीट गटप्रमुखाकडे द्या. कागदी तिकीट असेल तर फलाटाजवळच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा.

प्रसाद:
एवढा खटाटोप कशाला? मिनीबस भाड्याने घ्या.

श्रुती:
प्रसाद, ऑर्तीजा (सिराकुसाचं जुनं बेट) आणि ताओर्मीनाच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे. कॅमेरे आहेत, दंड घरी येतो. हा वाद गणपतीच्या बैठकीत झालाय, परत नको.

वर्षा:
सोमवारी सिराकुसा करा. कातानियाहून रेल्वेने साधारण सव्वा तास, सुट्टीलाही गाड्या असतात, फक्त कमी. स्टेशनपासून ऑर्तीजा चालत वीसेक मिनिटं, म्हणजे बसवर अवलंबून राहायला नको. त्याच दिवशी पुढे नोतो जोडायचा मोह टाळा. त्या मार्गावर सुट्टीच्या दिवशी भरवसा नाही, आणि नोतोचं स्टेशन गावाच्या खाली आहे. रविवारी ताओर्मीना ठीक आहे. तिथेही स्टेशन समुद्राकाठी आणि गाव डोंगरावर, त्यामुळे खाली उतरायच्या शेवटच्या बसची वेळ पोचल्या पोचल्या थांब्यावर पाहून ठेवा. गुडघेदुखीवाल्यांना पायऱ्यांनी उतरवू नका.

मंदार:
म्हणजे रवि ताओर्मीना, सोम सिराकुसा, मंगळ एटना, बुध आग्रिजेंतो. काका, चालेल?

अविनाश (खजिनदार):
चालेल. गटप्रमुख मी ठरवणार. शहर बसची तिकिटं मात्र तिथे गेल्यावर बसमध्येच घेऊ.

श्रुती:
काका, बसमध्ये मिळतीलच असं नाही, मिळाली तरी महाग पडतात. ती ‘तबाक्की’मध्ये घ्यायची, म्हणजे काळ्या पाटीवर पांढरा टी असलेलं दुकान. ईस्टरच्या रविवारी-सोमवारी बरीचशी बंद असणार. शनिवारी संध्याकाळीच दोन दिवसांची घेऊन ठेवा. शिक्का बसमध्ये चढल्यावर मारायचा, आधी नाही.