एम.एस्सी. नर्सिंग: फीचा हिशेब कसा करायचा?

प्रश्न (मिरज): बी.एस्सी. नर्सिंग झालंय, नोकरी चालू आहे. प्रवर्ग ओबीसी. कराडचं अभिमत (डीम्ड) विद्यापीठ घ्यावं की सांगलीतलं खासगी कॉलेज?

उत्तर १: ताई, खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, अभिमतची नाही. दोन्हीकडून दोन वर्षांचा एकूण आकडा लेखी घ्या: हॉस्टेल, मेस, डिपॉझिट, प्रबंधाचा खर्च. बंद होणारा पगारही त्यात धरा, तो सगळे विसरतात.

उत्तर २: प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर महाडीबीटीची (राज्याच्या पोर्टलवरची) शिष्यवृत्ती हातची जाते. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर पैसेही अडकतात. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत आजच बघा!

उत्तर ३: शैक्षणिक कर्ज 4 लाखांच्या आत असेल तर स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही. शिकतानाही व्याज चढतं, जमेल तसं भरत राहा.