तीन आवाजांच्या चिपमध्ये एवढं काय आहे?

तिसरीघंटा:
माझी लेक सतरा वर्षांची, हार्मोनियम शिकते. दोन महिने झाले, कमोडोर ६४ वरच्या खेळांचं संगीत ऐकतेय. तो कॉम्प्युटर १९८२ चा. आमच्या घरात कधीच नव्हता, म्हणजे जुन्या आठवणींचा प्रश्नच नाही. मग ही ओढ कशाची? मला नुसतं टुर्रर्र ऐकू येतं. पण ऐकताना तिचा चेहरा पाहिला की वाटतं, माझंच काहीतरी निसटतंय.

पानवेल:
जुनं ते सोनं, दुसरं काय! आमच्याकडे मुलं कॅसेटसुद्धा जमवायला लागली आहेत.

डॉसवाला:
पानवेल, नाही पटलं. ताई, तुम्हाला ऐकू येणारं ते टुर्रर्र हीच यातली गंमत आहे.

त्या मशीनमधली आवाज काढणारी सिड चिप बॉब यानेस यांनी बनवलेली. एका वेळी तीनच आवाज. लेकीला सांगा, हार्मोनियमवर सा-ग-प एकत्र दाब. झाले तीन आवाज खर्च, आता चाल कोण वाजवणार? म्हणून संगीतकार एकाच आवाजात सा, ग, प इतक्या झपाट्याने फिरवायचे, सेकंदाला ५० पावलं, की कान त्यांची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बांधून घेतो. बासच्या, म्हणजे खालच्या, सुराआधी निमिषभर खरखर सोडली की त्याच आवाजातून ड्रमही मिळतो. ऐकणाऱ्याचा कान अर्धं काम करत असतो, म्हणून हे संगीत अंगाला भिडतं. रॉब हबर्ड यांचं १९८५ चं 'कमांडो' खेळाचं संगीत लावा आणि फक्त बास धरून ऐका.

मी या नादाला लागलो १९९४ मध्ये, हॉस्टेलवर. एका मित्राने फ्लॉप्यांवरून 'सेकंड रिअ‍ॅलिटी' आणलं. फिनलंडच्या फ्यूचर क्रू या गटाचा डेमो, म्हणजे मशीनची करामत दाखवणारा चित्र-संगीताचा प्रोग्रॅम. १९९३ च्या असेंब्ली मेळाव्यातल्या स्पर्धेत पहिला आलेला. खोलीत एकच ४८६ कॉम्प्युटर, आम्ही नऊ जण. ठोका पडला की चित्र बदलायचं, अगदी त्याच क्षणी. आणि ते व्हिडिओ नव्हतं! समोरचा प्रोसेसर तिथल्या तिथे गणित करून चित्र काढत होता. ज्या मशीनवर आम्ही पास्कलची प्रॅक्टिकलं करायचो, तेच मशीन. मी रात्रभर झोपलो नाही. २०१३ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला तेव्हा पहिल्यांदा मी संगीताशी मेळ घालणारा भाग उघडला.

खडूफळा:
एक भर. जुन्या ६५८१ सिडमध्ये व्हॉल्यूमचा आकडा बदलला की बारीक 'टक्' व्हायचं. तो दोष होता. लोकांनी सेकंदाला हजारो वेळा तो आकडा बदलून चौथा आवाज काढला, चक्क रेकॉर्ड केलेले ड्रम! नंतरच्या ८५८० मध्ये दोष बराच कमी झाला आणि जुन्या गाण्यांतले ते ड्रम पार दबले. ताई, एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, ऐकत असाल तर चिप बदलून पाहा. आणि हो, फिनलंडने २०२० मध्ये डेमोसीनला, म्हणजे असे डेमो बनवणाऱ्यांच्या संस्कृतीला, आपल्या जिवंत वारशाच्या यादीत घेतलंय. मला फार आनंद झाला होता.

तिसरीघंटा:
काल रात्री दोघींनी एकेक इअरफोन लावून 'कमांडो' ऐकलं. बासमधला ड्रम मला तिसऱ्या वेळी सापडला. मग तिने पेटी काढली, एका बोटाने सा-ग-प फिरवायला लागली. जमेल तेवढं जलद. शेजारच्या काकू दार वाजवेपर्यंत चाललं होतं. डॉसवाला, 'सेकंड रिअ‍ॅलिटी' आजच्या लॅपटॉपवर कसं चालवायचं, सांगाल का?