एकाच मैदानावर शनिवारी ८७ आणि रविवारी ९९: स्कोअरमध्ये एवढा फरक कशामुळे पडतो?

वाळूजकर

नमस्कार मंडळी. मी वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीला असून सुटीच्या दिवशी हौस म्हणून गोल्फ खेळतो. आमचे मैदान नऊ होलचे आहे. तेच दोनदा खेळून आम्ही अठरा होल पूर्ण करतो आणि त्याचा पार, म्हणजे चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित फटके, ७० धरला जातो. कपाभोवती गवताच्या ग्रीनऐवजी वाळू आणि तेल यांचे ब्राउन आहेत. क्लबच्या हिशेबाने माझा हँडिकॅप १८ आहे, म्हणजे प्रत्येक होलला एका फटक्याची सवलत मिळते.

माझी अडचण अशी आहे की स्कोअरचा कधीच भरवसा वाटत नाही. गेल्या आठवड्यात शनिवारी ८७ फटके आणि दुसऱ्याच दिवशी ९९ झाले (फटके जितके कमी तितका खेळ चांगला). मैदान तेच होते, काठ्या त्याच होत्या आणि माझ्या समजुतीप्रमाणे स्विंगही तोच होता. वाईट फेरीनंतर मी यूट्यूबवर काहीतरी पाहतो, ग्रिप बदलतो आणि पुढच्या वेळी कधी सुधारणा दिसते, कधी आणखी विचका होतो. हा दोष स्विंगचा आहे, मनाचा आहे, की या खेळात असेच चालते? दोन्ही कार्डे खाली देत आहे. पार अनुक्रमे ४-४-३-५-४-४-३-४-४ असा आहे.

शनिवार: ५-५-३-६-५-४-४-५-५ (४२), ५-५-४-७-५-५-३-६-५ (४५).
रविवार: ६-८-३-६-४-५-४-९-५ (५०), ५-४-४-९-५-५-४-८-५ (४९).

छावणीचे काका

कार्डे दिलीत हे फार बरे केलेत, कारण बहुतेक जण नुसती बेरीज सांगतात आणि बेरजेवरून काहीच निदान होत नाही. रविवारच्या कार्डातले दुसरा, आठवा, तेरावा आणि सतरावा हे चार होल बाजूला काढा. त्यांवर तुमचे ८, ९, ९ आणि ८ असे ३४ फटके गेले. शनिवारी याच चार होलवर ५, ५, ७ आणि ६ असे २३ गेले होते. आता उरलेल्या चौदा होलची बेरीज करा: शनिवारी ६४, रविवारी ६५. चौदा होल तुम्ही दोन्ही दिवशी जवळजवळ सारखेच खेळलात. ज्याचा स्विंग एका रात्रीत बिघडतो त्याचे कार्ड असे दिसत नाही. त्याच्या कार्डावर सगळीकडे सहा आणि सात विखुरलेले असतात. तेव्हा ग्रिपला हात लावू नका.

दुसरे म्हणजे नऊ होलच्या मैदानावर आठवा आणि सतरावा हे एकच होल असतात. त्या एका जागेने तुमचे एका दिवसात सतरा फटके घेतले आहेत. तिथे नेमके काय घडले, ते फटक्यागणिक लिहा. शिवाय दोन्ही दिवशी तुमच्याबरोबर कोण खेळत होते आणि किती वाजता टी-ऑफ केला, म्हणजे पहिला फटका मारला, तेही सांगा. प्रश्न चोंबडा वाटेल, पण तो मुद्दाम विचारतो आहे.

वाळूजकर

काका, तो होल साधारण ३४० यार्डांचा आहे. डावीकडे हद्दीची भिंत, पलीकडे ओबी, म्हणजे हद्दीबाहेर. उजवीकडे ओढा आणि त्याच्या काठाने बाभळी. आठव्याला ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारी काठी) मारला, चेंडू भिंतीपलीकडे गेला. दंड धरून तिसरा फटका पुन्हा ड्रायव्हरनेच मारला, तोही तिकडेच गेला. पाचवा फेअरवेवर (मधल्या मोकळ्या पट्ट्यावर) पडला, सहावा ब्राउनच्या अलीकडे राहिला, सातवा चिप (जवळून उचललेला छोटा फटका) आणि मग पटरचे (चेंडू कपाकडे घरंगळवायच्या काठीचे) दोन फटके, असे नऊ झाले. सतराव्याला डावी भिंत डोक्यात होती म्हणून उजवीकडे रोख धरला आणि चेंडू ओढ्यात गेला. ड्रॉप घेऊन, म्हणजे दंड घेऊन चेंडू ओढ्याबाहेर टाकून, तिसरा फटका थ्री-वूड या लांब पल्ल्याच्या काठीने बाभळीवरून काढायचा प्रयत्न केला, तो फांदीला लागून परत ओढ्यात पडला. पुन्हा दंड, पाचवा फेअरवेवर, सहावा ब्राउनवर आणि पटरचे दोन, असे आठ.

शनिवारी कारखान्यातले सहकारी होते. आमच्यात पटरच्या मुठीएवढ्या अंतरावरचा चेंडू ‘दिला, उचला’ म्हणतात, म्हणजे पुढचा फटका कपात गेला असे धरतात. रविवारी निवृत्त फौजी मंडळींबरोबर खेळलो; ते प्रत्येक चेंडू कपात पडेपर्यंत खेळायला लावतात. शनिवारी साडेसहाला सुरुवात केली होती, रविवारी आठ वाजून गेले होते.

छावणीचे काका

मला जे वाटले होते तेच निघाले. मॅच-प्लेमध्ये (होलगणिक जिंकण्या-हरण्याच्या खेळात) प्रतिस्पर्ध्याने चेंडू देणे नियमाला धरून आहे, परंतु स्ट्रोक-प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या खेळात) चेंडू कपात पडल्याशिवाय होल पूर्ण होतच नाही. शनिवारी उचललेल्या चेंडूंपैकी दोन-तीन तरी तुमच्या हातून चुकले असते. म्हणजे ८७ हे खरे पाहता ८९ किंवा ९० असावेत. पहिल्या टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागेवर) फसलेला फटका न मोजता ‘आणखी एक मारून घ्या’ म्हणण्याचा प्रकारही नियमांत कुठेच नाही. आधी मोजपट्टी एकच ठेवा; मग फरक मोजता येईल.

राहिला आठवा होल. सहा किंवा सात नंबरचा आयर्न (मध्यम पल्ल्याची काठी) तुम्ही साधारण १४० यार्ड मारत असाल. त्याच आयर्नने टीवरून १४०, पुन्हा १४०, मग वेजने (जवळच्या, उंच फटक्यांच्या काठीने) साठ यार्ड आणि पटरचे दोन फटके धरले तर पाच होतात. तुमच्या हँडिकॅपने तो नेट पार, म्हणजे सवलत वजा करून पार, आहे. भिंत आणि ओढा यांच्यामध्ये ड्रायव्हर काढण्याचे कारण एवढेच दिसते की बाकीचे तिघे ड्रायव्हर काढतात. आणि ओढ्यातून ड्रॉप घेतल्यानंतर बाभळीवरून थ्री-वूड मारण्याऐवजी नऊ नंबरच्या आयर्नने आडवा चेंडू फेअरवेवर काढला असता, तर फार तर सहा झाले असते.

सांख्यिकी_नांदेड

मी नांदेडला महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो आणि गोल्फ जेमतेम खेळतो, त्यामुळे काठी कोणती काढावी याबद्दल बोलणार नाही. मात्र या प्रश्नाची एक बाजू गणिताची आहे आणि ती कोणी मांडलेली दिसत नाही.

समजा एखाद्या हौशी खेळाडूचा प्रत्येक होलवरील स्कोअर त्याच्या सरासरीभोवती साधारण एका फटक्याच्या प्रमाण विचलनाने (सरासरीपासूनच्या चढ-उताराच्या मापाने) हलतो, आणि एका होलचा परिणाम दुसऱ्यावर होत नाही. मग अठरा होलच्या बेरजेचे प्रमाण विचलन अठराच्या वर्गमुळाइतके, म्हणजे सव्वाचारच्या आसपास येते. दोन फेऱ्यांमधल्या फरकाचे विचलन त्याहून मोठे, म्हणजे सुमारे सहा येते. याचा अर्थ खेळात काडीचाही बदल झालेला नसताना दोन फेऱ्यांमध्ये आठ किंवा त्याहून अधिक फटक्यांचा फरक दर पाच-सहा जोड्यांमागे एकदा दिसणारच. बारा फटक्यांचा फरकही वीसेक जोड्यांत एखाद्या वेळी पडेल. त्या एका जोडीवरून ग्रिप बदलणे म्हणजे एका पावसावरून पेरणी करण्यासारखे आहे.

दुसरा मुद्दा हँडिकॅपचा. जानेवारी २०२० पासून लागू होत गेलेल्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीममध्ये अलीकडच्या २० फेऱ्यांपैकी उत्तम ८ फेऱ्यांची सरासरी काढतात. ही तुमची सर्वसाधारण पातळी नव्हे, तर चांगल्या दिवसांची पातळी आहे. स्कोअर सामान्य वितरणाप्रमाणे (सरासरीजवळ दाट, दूर विरळ) पसरले आहेत असे धरले, तर उत्तम ४० टक्क्यांची सरासरी एकूण सरासरीपेक्षा जवळजवळ एक प्रमाण विचलन खाली असते. सव्वाचार धरले तर १८ हँडिकॅपच्या माणसाने पार ७० च्या मैदानावर साधारण ९२ ची अपेक्षा ठेवावी, ८८ ची नव्हे. मग तुमचे ८७ सरासरीपेक्षा पाचने चांगले आणि ९९ सातने वाईट ठरतात. आपण ८७ ला ‘माझा खरा खेळ’ आणि ९९ ला ‘बिघाड’ म्हणता, मुळात गफलत तिथेच आहे.

मोंढ्यातला गोल्फर

गणित मान्य आहे, पण ते वाचून वाळूजकरांनी हात जोडून बसावे असे वाटत नाही. एका होलचा परिणाम दुसऱ्यावर होत नाही, हे गृहीतक त्यांच्याच सतराव्या होलवर मोडते. डावी भिंत डोक्यात होती म्हणूनच ते उजवीकडे गेले. माझा अनुभव सांगतो की सराव करायचा तर पटिंगचा करावा. निम्मा खेळ तिथेच असतो. दररोज अर्धा तास तीन फुटांवरून पटरने मारले की दहा फटके आपोआप कमी होतात.

सांख्यिकी_नांदेड

गृहीतकाबद्दलचा आक्षेप रास्त आहे. फटके एकमेकांना चिकटू लागले की चढ-उतार वाढतोच. पटिंगबद्दल मात्र आपले म्हणणे नोंदींशी जुळत नाही. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी फटक्यागणिक नोंदींचा अभ्यास करून असे दाखवले की वरच्या आणि खालच्या दर्जाच्या खेळाडूंमधल्या फरकापैकी सुमारे दोनतृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो. पीजीए टूरवरचे व्यावसायिकसुद्धा आठ फुटांवरून जवळपास निम्म्या वेळाच चेंडू कपात घालतात. वाळूजकरांनी लिहिलेले दोन होल पाहा. दोन्हीकडे पटरचे दोनच फटके आहेत. नऊ आणि आठ झाले ते दंडामुळे.

परभणी_ते_पुणे

मी पूर्वी ब्राउनवर शिकलो आणि आता पुण्यात गवताच्या ग्रीनवर खेळतो, म्हणून एक गोष्ट जोडतो, जी पुण्या-मुंबईच्या खेळाडूंच्या ध्यानात येणार नाही. आपल्याकडे ऋतू बदलला की मैदानच बदलते. एप्रिल-मे महिन्यांत काळी जमीन भेगाळून दगडासारखी कडक होते. चेंडू पडल्यावर कितीतरी यार्ड पळतो आणि तिरक्या उसळीने थेट हद्दीपलीकडे जातो. जुलैमध्ये तीच जमीन चेंडू जागच्या जागी गिळते. चेंडू स्वतःच्याच आघाताने मातीत रुतला असेल, तर २०१९ च्या नियमांपासून फेअरवेप्रमाणेच रफमध्येही (कडेच्या वाढलेल्या गवतातही) विनादंड सुटका मिळते. बरेच जण ती घेतच नाहीत आणि रुतलेला चेंडू खणत बसतात. त्यामुळे मे महिन्याचे कार्ड मेच्याच कार्डाशी ताडून पाहावे.

ब्राउनची गोष्ट वेगळी आहे. वाळू ओढून सारखी केली की वेग ठरलेला असतो आणि उतार फारसा लागत नाही, म्हणून तिथे तुमचे पटिंग सारखे राहते. पुण्याला गेल्यावर पहिल्या काही फेऱ्यांत मला ग्रीनवर तीन-तीन फटके लागत होते, कारण गवताचा कल आणि उतार वाचणे ही विद्या ब्राउनवर मिळतच नाही. वाळूजकर बाहेर स्पर्धा खेळायला गेले तर त्यांनी हे गृहीत धरून जावे. काही मंडळी ब्राउनला नाके मुरडतात, ते मला पटत नाही. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे रोज भिजवाव्या लागणाऱ्या ग्रीनचा हट्ट धरू नये.

टी-ऑफच्या वेळेकडेही दुर्लक्ष करू नका. आठला सुरुवात करणारा माणूस तेराव्या होलला भर उन्हात असतो आणि तिथेच त्यांचे नऊ झाले आहेत.

वाळूजकर

सर्वांचे आभार. तेराव्याला बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) चेंडू बाहेर काढायला तीन फटके लागले होते आणि तेव्हा पाण्याची बाटलीही संपली होती, हे आता आठवते. दुसऱ्या होलला झाडांमधल्या फटीतून चेंडू काढायला गेलो होतो. काका काय म्हणणार ते मला कळले आहे. शेवटची शंका: एखाद्या होलने असा घात केला की पुढे सगळे कार्डच नकोसे होते. यावर काही उपाय आहे का?

छावणीचे काका

आहे, आणि तो जुना आहे. इंग्लंडमधील वॉलसी क्लबात १९३२ साली फ्रँक स्टेबलफर्ड यांनी गुणांची पद्धत सुरू केली, ती अशाच माणसांसाठी. सवलत धरून पार झाला तर दोन गुण, एक जास्त झाला तर एक, एक कमी झाला तर तीन. दोन किंवा अधिक जास्त झाले तर शून्य, आणि चेंडू उचलून पुढच्या टीकडे चालू लागायचे. तुमच्या कार्डांवर हिशेब केला तर शनिवारचे ३७ आणि रविवारचे ३० गुण होतात. बारा फटक्यांची दरी सात गुणांवर येते, कारण त्या चार होलवर शून्याखाली काही जातच नाही.

हँडिकॅपसाठी कार्ड देतानाही असेच करतात. तिथे एका होलला नेट डबल बोगीपेक्षा (सवलत धरून पारहून दोन जास्त यापेक्षा) जास्त धरत नाहीत. तुम्हाला ही मर्यादा चारच्या पारला ७ आणि पाचच्या पारला ८ पडते, म्हणजे रविवारचे ९९ हँडिकॅपच्या वहीत ९४ म्हणून लागतील. क्लबच्या सचिवांनी ते ९९ म्हणून चढवले असतील तर दुरुस्त करून घ्या. आणखी एक विचारून ठेवा. भिंतीपलीकडे गेलेल्या चेंडूसाठी परत टीवर न जाता, दोन दंड घेऊन फेअरवेच्या कडेला ड्रॉप करण्याची स्थानिक नियमाची मुभा २०१९ पासून उपलब्ध आहे, पण क्लबने ती जाहीर केलेली असावी लागते. ती असती तर आठव्याला तुमचा दुसरा ड्रायव्हर निघालाच नसता. ड्रॉप करून फेअरवेवरून चौथा फटका खेळला असता.