व्हॉल्व्ह ॲम्पचा बोर्ड: फायबर, हायलम की ग्लास इपॉक्सी?

तारजोड_बडोदा
मंडळी, फेंडर कंपनीच्या जुन्या ५ई३ सर्किटवर व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प हाताने बांधतोय. चेसिस आणि ट्रान्सफॉर्मर तयार आहेत, बी-प्लस (व्हॉल्व्हना लागणारा उच्च डीसी व्होल्टेज) साधारण ३६० व्होल्ट येईल. बडोद्यात मोटार रिवाइंडिंगचं सामान विकणाऱ्यांकडे तिन्ही शीट मिळतात: काळा फायबर, तपकिरी हायलम (राळेत दाबलेले कागदाचे किंवा कापडाचे थर) आणि हिरवट ग्लास इपॉक्सी. शेवटची सगळ्यात महाग. जुन्या फेंडरमध्ये तर फायबरच असायचा, मग तोच का घेऊ नये? टरेट (सुटे भाग सोल्डर करायचे धातूचे छोटे खुंट) लावायचे आहेत.

ग्रिडलीक
फायबर घेऊ नका. तो म्हणजे रासायनिक प्रक्रिया करून दाबलेला कागद. फेंडरवाले त्याला मेण पाजायचे, तरी वर्षानुवर्षांत तो ओल धरतोच, आणि तुमच्याकडे जुलै-ऑगस्टची दमट हवा आहे. गणित करून बघा. ३६० व्होल्टच्या टरेटपासून शेजारच्या ग्रिडच्या (व्हॉल्व्हच्या सिग्नल घेणाऱ्या टोकाच्या) टरेटपर्यंत बोर्डाचा रोध १००० मेगओहम उरला, तर ०.३६ मायक्रोअँपिअर गळतो. ग्रिडपासून चेसिसपर्यंत १ मेगओहमचा रेझिस्टर असेल तर तिथे ०.३६ व्होल्ट चढतात. प्रीॲम्पचा व्हॉल्व्ह जेमतेम दीड-दोन व्होल्ट बायसवर (ग्रिडच्या ठरलेल्या स्थिर व्होल्टेजवर) चालतो, म्हणजे बायस सरळ सरकला. शिवाय ही गळती स्थिर नसते, तीच स्पीकरमधून चरचर होऊन ऐकू येते. लोक त्यासाठी व्हॉल्व्ह बदलत बसतात.

३ मिमी ग्लास इपॉक्सी घ्या, तांबं नसलेली. अख्ख्या ॲम्पला एक पट्टी लागते, तिथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

जुनी_सोल्डर
थोडी हायलमची बाजू. कागदाच्या थरांचा हायलम आणि कापडाचा हायलम वेगळे. कापडाचा गिअर-बुशसाठी, तो ओल जास्त पितो, ॲम्पला बाद. कागदाचा चालतो, पण कापलेल्या कडा आणि भोकं इन्सुलेटिंग वार्निशने बंद करावी लागतात. एकदा ठिणगी पडून काळी रेघ उमटली की तो कोळसा वीज वाहतो. खरवडून भागत नाही, बोर्ड बदलायचा.

ग्रिडलीक
बरोबर, आणि इतकी उस्तवार करण्यापेक्षा ग्लास इपॉक्सीच बरी. मात्र तिला भोकं पाडताना साधा एचएसएस ड्रिल लगेच बोथट होतो, कार्बाइडचा घ्या. टरेटच्या दांड्याचा व्यास व्हर्निअरने मोजा आणि भोक ०.१ मिमी मोठं ठेवा. खाली लाकडाचा तुकडा घट्ट धरा, नाहीतर मागची बाजू फुटते. काचेची धूळ वाईट असते: मास्क लावा, पाणी शिंपडत चला.

टरेट हातोडीने ठोकू नका. भोकाभोवती पांढरा डाग दिसला की समजा आतले थर सुटले. ड्रिल स्टँडमध्ये पंच अडकवून, मोटर बंद ठेवून, हँडलने सावकाश दाबा. टरेट बोटांनी फिरता कामा नये.

तारजोड_बडोदा
आभारी आहे. दुसऱ्या एका जुन्या ॲम्पमध्ये फायबरच आहे आणि तो चरचरतो. बोर्डच दोषी आहे हे कसं ओळखायचं?

जुनी_सोल्डर
ॲम्प चालू असताना मीटरची काळी क्लिप चेसिसला लावा, एक हात खिशात ठेवा, आणि लाल प्रोबचं टोक टरेट किंवा आयलेटना (बोर्डाच्या भोकांतल्या धातूच्या कड्यांना) न लावता नुसत्या बोर्डावर टेकवा. मीटर डीसी व्होल्टवर. चांगल्या बोर्डावर जवळपास शून्य दिसतं. मीटरचा आतला रोध १० मेगओहम असेल तर ०.१ व्होल्ट म्हणजे १० नॅनोअँपिअर गळती. कित्येक व्होल्ट दिसले तर बोर्ड ओला आहे.

हेअर ड्रायरने वाळवलात तर आठवडाभर बरं वाटेल, पुन्हा तेच. ॲम्प बंद करून फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून उतरवा, मीटरवर शून्य बघा, मगच हात घाला. ग्रिडचे रेझिस्टर बोर्डावरून उचलून थेट सॉकेटच्या पिनवर जोडा. बाकीचा जुना बोर्ड तसाच राहू द्या.

ग्रिडलीक
नव्या बोर्डासाठी एक राहिलं: डबीतली आम्लयुक्त सोल्डर पेस्ट वापरू नका, रोझिनवाली तारच घ्या. सोल्डरिंग झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने दोन्ही बाजू धुवा. पेस्टचा थर राहिला तर ग्लास इपॉक्सीवरही अशीच गळती होते.