ऑफिसचा कम्प्युटर बंद आहे (सोसायटी ग्रुप, शनिवार-रविवार)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. ऑफिसच्या कम्प्युटरवर कालपासून विंडोज चालू होत नाहीये. निळा पडदा येतो, बंद होतो, परत तेच. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे आणि हिशेबाची एक्सेल त्याच्यातच आहे.

सी-२०४: बॅकअप असेल ना?

सेक्रेटरी: आहे. त्याच कम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर.

सी-२०४: 🙏

बी-४०२: काका, मी बघतो. लिनक्स मिंटची डीव्हीडी बनवतो, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम. ते डिस्कवरूनच चालतं, हार्ड डिस्कला हात लावायचा नाही. फाइली पेनड्राइव्हवर काढून घेऊ.

ए-१०१ काकू: डीव्हीडी कशाला रे? माझा नातू पेनड्राइव्हवरूनच करतो सगळं.

बी-४०२: केलं करून काकू. हा डबा पेनड्राइव्हवरून उठतच नाही, नुसती रेघ लुकलुकते. आणि ऑफिसच्या कपाटात सापडल्या त्या ७०० एमबीच्या सीडी. मिंटची फाइल जवळजवळ ३ जीबी. कोऱ्या डीव्हीडी आणायला लॅमिंग्टन रोडला जाऊन येतो.

सी-२०४: मग नवीन विंडोजच टाका ना सरळ.

ए-५०३: आधी हिशेब बाहेर काढा, मग काय ते टाका. शिवाय हल्लीची विंडोज १० ची फाइल ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीत मावत नाही, आणि तिचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

बी-४०२: आलो. दुकानदार म्हणाला, "कोण वापरतं आता?" माळ्यावरून धूळ झटकून दिल्या. ग्रँट रोड स्टेशनपर्यंत भिजलो ते वेगळंच.

सेक्रेटरी: बिल जपून ठेव, व्हाउचर करू.

बी-४०२: डीव्हीडी झाली, पण बूट होत नाही, म्हणजे कम्प्युटर तिच्यावरून चालूच होत नाही. परत तोच निळा पडदा.

ए-५०३: ती डिस्क तुझ्या लॅपटॉपमध्ये उघड. आत काय दिसतं?

बी-४०२: एकच फाइल. मिंटची, .आयएसओ.

ए-५०३: तिथेच घोळ. तू फाइल ओढून डिस्कवर टाकलीस. म्हणजे आंब्याची पेटी न फोडताच ताटात वाढलीस.

बी-४०२: 🤦 सेव्हन-झिप या प्रोग्रामने फोडतो आणि आतलं सगळं टाकतो.

ए-५०३: अरे थांब

बी-४०२: ताई, आता फोल्डर दिसतात, कॅस्पर, बूट, सगळं आहे. तरी बूट होत नाही.

ए-५०३: थांब म्हटलं होतं. हे बघ, पाहुणा गेटवर आला की आधी वॉचमनची वही बघतो ना, कोणता फ्लॅट कुठे? कम्प्युटर चालू होताना तसंच करतो. त्याला फोल्डर-बिल्डर काही कळत नाही. तो डिस्कच्या १७ नंबरच्या सेक्टरवर, म्हणजे छोट्या कप्प्यावर जातो. बूटची यादी कुठे आहे ते तिथे लिहिलेलं असतं, आणि त्या यादीत बूटचा प्रोग्राम कुठे ते. ही पद्धत १९९५ ची, फिनिक्स आणि आयबीएमने ठरवलेली, नाव 'एल टोरिटो'. तू फाइली टाकल्यास म्हणजे बिऱ्हाडं राहायला आली, पण गेटवर वहीच नाही. आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कचा सेक्टरवार ठसा, वहीसकट. तो कॉपी करायचा नसतो, जसाच्या तसा उमटवायचा असतो.

सेक्रेटरी: वॉचमनची वही आपल्याकडेही कोरीच असते, तो विषय सभेत घेऊ.

ए-१०१ काकू: त्या बिघडलेल्या दोन चकत्या टाकू नकोस रे. बाल्कनीत लावते, कबुतरांनी उच्छाद मांडलाय.

बी-४०२: घ्या काकू. ताई, उमटवायचा कसा?

ए-५०३: आधी फाइल अर्धवट उतरलेली नाही ना बघ. कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल या कमांडने फाइलचा एसएचए-२५६, म्हणजे बोटाच्या ठशासारखी ओळख, काढ. ६४ अक्षरांची ओळ येईल, ती मिंटच्या साइटवरच्या ओळीशी जुळव. मग फाइलवर राइट क्लिक, 'बर्न डिस्क इमेज'. विंडोज ७ पासून आहे ते, वेगळं काही घ्यायला नको.

बी-४०२: ओळ जुळली. पण राइट क्लिकमध्ये तो पर्याय दिसतच नाही.

ए-५०३: सेव्हन-झिपने आयएसओ आपल्या नावावर करून घेतली असेल. 'ओपन विथ'मध्ये 'विंडोज डिस्क इमेज बर्नर' शोध. 'व्हेरिफाय'ला टिक कर, त्याला जास्त वेळ लागतो पण लागू दे. त्यात वेग निवडता येत नाही. ही डिस्क फसली तर इमगबर्न हा डिस्क बनवायचा प्रोग्राम घेऊन ४एक्स वेगावर कर, जुने ड्राइव्ह घाईत चुकतात. नऊ-दहा मिनिटं जातील.

सी-२०४: मधे लाइट गेली तर?

ए-५०३: शुभ बोला.

बी-४०२: झाली! व्हेरिफायही झालं. ऑफिसात चाललो.

ए-५०३: चालू करताना एफ१२ दाबत राहा, यादीतून डीव्हीडी निवड. आणि नीट वाच: डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं चिन्ह दिसेल. त्याला हात लावायचा नाही. काकांनाही लावू द्यायचा नाही.

सेक्रेटरी: मी खुर्चीत बसलोय, हात मागे.

बी-४०२: मिंटचं चिन्ह आलं. ड्राइव्ह खुर्र खुर्र करतोय, खूप हळू आहे.

ए-५०३: डिस्कवरून चालतंय, हळूच असणार. फाइल मॅनेजरमध्ये डावीकडे हार्ड डिस्क दिसेल.

बी-४०२: डी ड्राइव्ह उघडला. 'हिशेब फायनल', 'हिशेब फायनल नवा', 'हिशेब फायनल नवा २'. काका, कोणती?

सेक्रेटरी: तिन्ही घे बाबा.

बी-४०२: घेतल्या. दोन पेनड्राइव्हवर.

ए-१०१ काकू: शाब्बास रे. चकत्या दोनच आल्या, तिसरी कुठेय? खिडक्या तीन आहेत.

बी-४०२: काकू, तिसरी चालली.

ए-१०१ काकू: अरेरे.