पेनड्राइव्हवरून विंडोज, मॅक, लिनक्समध्ये फायली नेताना : अनुभव धागा

कळफलक :
कपाट आवरताना १.४४ एमबीची फ्लॉपी हाती आली म्हणून हा धागा. तेव्हा एक फाइल चार फ्लॉप्यांवर तोडून न्यावी लागे. आज ६४ जीबीचा पेनड्राइव्ह निम्मा रिकामा असतो, तरी ५ जीबीचा व्हिडिओ चढत नाही. दोष ड्राइव्हचा नाही, फॉरमॅटचा, म्हणजे ड्राइव्हवर फायली मांडायच्या पद्धतीचा. फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये फाइलचा आकार ३२ बिटांत नोंदवतात, त्यामुळे ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. तिन्हीकडे लिहिता-वाचता यायला हवं असेल तर एक्सफॅट हा फॉरमॅट करा. विंडोजचं एनटीएफएस मॅक नुसतं वाचतो, लिहू देत नाही. मॅकचं एपीएफएस आणि लिनक्सचं ईएक्सटी४ विंडोजला कळतच नाही, मग तो 'फॉरमॅट करायचं का' विचारतो. तिथे चुकूनही हो म्हणू नका. तुमचंही लिहा, नेमकं लिहा.

उंबरठा :
मॅकवर फॉरमॅट करत असाल तर डिस्क युटिलिटीत आधी 'शो ऑल डिव्हायसेस' करून सगळ्यात वरचं, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हचं नाव निवडा. नुसतं आतलं पार्टिशन निवडलं तर स्कीमचा (अख्ख्या ड्राइव्हची विभागणी कशी करायची त्याचा) पर्याय येत नाही. जुन्या टीव्हीला किंवा गाडीतल्या प्लेअरला लावायचा असेल तर स्कीम मास्टर बूट रेकॉर्ड ठेवा. अशा यंत्रांना बऱ्याचदा एक्सफॅटही कळत नाही, तिथे फॅट३२ला पर्याय नाही.

पानगळ :
लिनक्स जुना असेल तर आधी कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) आवृत्ती बघा. एक्सफॅट ५.४ मध्ये (२०१९) आलं, नीट ड्रायव्हर ५.७ मध्ये (२०२०).

दौत :
नावांचं कुणी लिहिलं नाही अजून. लिनक्सवर फाइलच्या नावात कोलन, प्रश्नचिन्ह, तारांकन सगळं चालतं. एक्सफॅटवर चालत नाही. '१०:३० बैठक' अशी फाइल कॉपी होताना अडते, कोलनच्या जागी आडवी रेघ टाका.

मराठी नावांचा घोळ वेगळाच. ईएक्सटी४ मध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. 'क्षत्रिय' डोळ्यांना तीन अक्षरं, आत आठ चिन्हं, म्हणजे २४ बाइट. ८५ चिन्हं झाली की संपलं. विंडोज आणि एक्सफॅट बाइट मोजत नाहीत, तिथे २५५ चिन्हं बसतात. म्हणून विंडोजवरून पेनड्राइव्हवर सुखाने चढलेली फाइल लिनक्सवर उतरवताना 'नाव फार लांब' म्हणून अडते.

आणि 'दुसऱ्या'मधला ऱ. मॅकचं जुनं एचएफएस प्लस त्याचे र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असे दोन तुकडे करून साठवतं. दिसायला तंतोतंत तेच, पण लिनक्सवर शोधलं तर सापडत नाही, किंवा एकाच नावाचे दोन फोल्डर दिसतात. लिनक्सवर कॉन्व्हएमव्ही नावाचं साधन आहे, त्यात एनएफसी (तुकडे जोडून एकच चिन्ह करणारा) पर्याय देऊन नावं सरळ करून घ्या.

मोरपीस :
दौत, मनापासून आभार! एकाच नावाचे दोन फोल्डर का, ते आत्ता कळलं.

साखळी :
गडबडीत लिहितेय, पोळ्या तव्यावर आहेत. मॅकवरून आलेल्या ड्राइव्हवर विंडोजमध्ये बिंदू आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या फायली दिसतात, त्या व्हायरस नाहीत. एक्सफॅटमध्ये न मावणारी जादा माहिती मॅक तिथे ठेवतो. काढून टाकल्या तरी मूळ फोटो, दस्तऐवज शाबूत राहतात. आणि मॅकवर डिलीट करूनही जागा मोकळी होत नसेल तर ड्राइव्ह लावलेला असतानाच ट्रॅश रिकामा करा.

पानगळ :
पोळ्या आधी बघा ताई :)
लिनक्सवाल्यांनो, कॉपीची पट्टी १०० टक्के झाली म्हणजे काम झालं असं समजू नका. बराच डेटा अजून रॅममध्येच असतो. टर्मिनलमध्ये 'सिंक' द्या, प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबा, मग अनमाउंट, म्हणजे ड्राइव्ह रीतसर सोडवा. एक्सफॅटला जर्नल (बदलांची नोंदवही) नाही. लिहिताना उपसलात तर मागचं सावरायला काहीच नसतं.

उंबरठा :
उपसलाच असेल तर पुढच्या वेळी मॅकवर ड्राइव्ह बराच वेळ दिसत नाही. मेला नाही तो, मॅक आतून तपासत असतो. थांबा. नाहीतर विंडोजवर चेकडिस्क (ड्राइव्ह तपासायची आज्ञा) चालवा, एफ म्हणजे दुरुस्तीच्या पर्यायासह.

मोरपीस :
हजारो बारीक फोटो असतील तर फार वेळ लागतो, काय करावं?

साखळी :
आधी एकच झिप करा. प्रत्येक फाइलमागे नोंद लिहिण्यात वेळ जातो, आकारात नाही. लिनक्स ते लिनक्स असेल तर टार (फायली एकात बांधणारं साधन). परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या खुणा) एक्सफॅट ठेवत नाही, टारच्या पोटात त्या टिकतात.

दौत :
पोहोचलं ते बरोबर आहे का, हे शा-२५६ ने, म्हणजे फाइलचा ठसा काढून, पडताळा. विंडोजवर सर्टयुटिल, मॅकवर शासम, लिनक्सवर शा२५६सम. पण कॉपी झाल्या झाल्या पडताळू नका, तेव्हा ड्राइव्हवरचं न वाचता रॅममधलीच प्रत वाचली जाऊ शकते. इजेक्ट करा, काढा, पुन्हा लावा, मग पडताळा. दोन्हीकडचे ६४ अंक-अक्षरं जुळेपर्यंत मूळ फाइल पुसू नका.