दंडाला सेन्सर बांधून घरीच खांद्याचे व्यायाम, मग फिजिओ कशाला?

दुखराखांदा:
डावा खांदा, फ्रोझन शोल्डर (सांधा आखडून हात वर जाईना), सहा महिने झाले. आधी आठवड्यातून तीनदा फिजिओकडे जायचो, आता दंडाला बांधायचा सेन्सर आणि फोनमधलं ऍप एवढ्यावर चाललंय. हात किती अंश वर गेला, किती वेळा केलं, सगळं दिसतं. खरं सांगू का, कागदावर लिहून दिलेले व्यायाम मी कधी धड केलेच नव्हते, फिजिओंनी विचारलं की 'हो करतोय की' म्हणून वेळ मारून न्यायचो, आता ती सोयच राहिली नाही. ९० वरून १३५ वर आलोय. खांद्याला लागते चिकाटी, ती मशीन माणसापेक्षा बरी करून घेतं. ज्यांना पटत नाही त्यांनी बोला.

फिजिओबाई:
पोटावर पाय येतोय म्हणून बोलतेय असं वाटेल, वाटू दे. १३५ कशाचे? हात पूर्ण वर नेताना १८० पैकी साधारण १२० अंश खुद्द सांध्यातून येतात आणि ६० पाठीवरचं पातं फिरल्यामुळे. सांधा आखडला की माणूस नकळत खांदा कानाकडे उचलतो, पाठ मागे टाकतो आणि हात वर गेल्यासारखा दिसतो. दंडावरच्या एकट्या सेन्सरला दंड किती कलला एवढंच कळतं, तुम्ही कमरेतून वाकलात तरी तो खूश. (शुगर तपासलीत का? डायबेटिसवाल्यांत फ्रोझन शोल्डर जास्त दिसतो.)

उगाचच:
आणि तुमच्याकडे कोण बघतं हो? मी गेलो होतो तिथे शेक लावून पडद्याआड झोपवायचे, मग पुलीवर बसवून बाई दुसऱ्या पेशंटकडे. मी खांदा उचलतोय की मान, कुणाला पत्ता नाही. दुसरा सेन्सर छातीला लावला की वाकणं पकडलं जातं, आणि कॅमेरावालं ऍप असेल तर अख्खा माणूस दिसतो.

फिजिओबाई:
तसं काम होतं हे मान्य, नाकारून काय करू. पण कॅमेऱ्याचं ऐका. कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर फिरवायचा, फ्रोझन शोल्डरमध्ये हीच हालचाल सगळ्यात जास्त जाते, आणि समोर ठेवलेल्या फोनला नेमकी हीच नीट मोजता येत नाही.

टाकेवाला:
तुमचं दोघांचं चालू द्या, माझं वेगळंच. रोटेटर कफ, म्हणजे खांद्याभोवतीचे स्नायू आणि त्यांचे स्नायुबंध, फाटला होता, ऑपरेशन करून शिवला, पाचवा आठवडा, हात झोळीत. ऍप म्हणतं 'कालच्यापेक्षा ५ अंश जास्त करून दाखवा', आणि मी करणारही होतो! सर्जननी झापलं, शिवलेला स्नायुबंध हाडाला धरायला महिने लागतात, आत्ता स्वतःच्या जोरावर हात उचललास तर परत फाटेल. दुखराखांदाला हात हलवला नाही तर धोका, मला हलवला तर धोका. ऍपला दोघं सारखेच. चिकाटी करून घेतं म्हणता ना, थांबायचं कोण करून घेणार?

उगाचच:
मग ऍपमध्ये ऑपरेशनची तारीख टाकायची सोय हवी, दोष त्या ऍपचा आहे, सेन्सरचा नाही.

टाकेवाला:
तारखेवरून ठरत नाही ना राव, किती फाटला होता आणि शिवण कशी बसलीये ते सर्जनलाच माहीत.

दुखराखांदा:
काल फिजिओबाईंचं वाचून डोकं फिरलं म्हणून उताणा झोपून केलं, गुडघे वाकवून, पाठ जमिनीला घट्ट टेकवून. सेन्सर तोच, ऍप तेच. ११२. म्हणजे २३ अंश मी पाठीच्या जिवावर मिरवत होतो. सेन्सर मात्र सोडणार नाही, तो नसता तर आज व्यायामच केला नसता. रोज झोपूनच मोजेन.

फिजिओबाई:
११२ वाईट नाही. बाहेर फिरवून किती येतो?

दुखराखांदा:
तो मोजलाच नाही. ऍपमध्ये तो व्यायामच नाहीये.